पहिला रोलप्लेइंग गेम कुठला घ्यावा: डी अँड डी, पाथफाइंडर की कथुलू?

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट रचण्याचा हा खेळ 1974 पासून आहे, पण नवख्यांची रीघ लागली ती बरीच नंतर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची, म्हणजे डी अँड डीची, पाचवी आवृत्ती 2014 मध्ये आली, 2015 मध्ये हा खेळ खेळून दाखवणारा ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम सुरू झाला, 2016 मध्ये हा खेळ खेळणाऱ्या मुलांची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका. त्यामुळे आज कितीतरी जण नियमांचं पुस्तक हातात घेण्याआधीच दुसऱ्यांचा खेळ तासन्‌तास बघून आलेले असतात.

डी अँड डीची खरी ताकद हीच: खेळायला माणसं मिळतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा, ठरलेला आकडा गाठला की जमलं. मात्र पहिल्याच डावात जादूगार घेऊ नका. मंत्रांची यादी वाचण्यातच संध्याकाळ जाते. फायटर, म्हणजे साधा लढवय्या, घ्या.

जानेवारी 2023 मध्ये या खेळाच्या खुल्या परवान्याच्या (ज्याखाली इतरांना त्याचे नियम वापरता येतात) अटी कडक करण्याचा बेत फुटला आणि चाहते बिथरले. कंपनीने माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुले केले, पण तोवर बरेच जण त्याच धाटणीच्या पाथफाइंडरकडे वळले होते. त्याची 2019 ची दुसरी आवृत्ती डावपेचांची आवड असलेल्यांसाठी आहे. प्रत्येक पाळीत तीन कृती: पुढे सरका, वार करा, ढाल उचला. दोनदा वार केलात तर दुसऱ्या वाराच्या फाशातून साधारण पाच गुण वजा. नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट आहेत. पण बारकावे इतके, की गटात एकानेही अभ्यास केला नसेल तर गाडी अडलीच म्हणून समजा.

‘कॉल ऑफ कथुलू’ 1981 चा, भयकथेचा. इथे पात्रं साधी माणसं, मारामारी केली की बहुधा मरतात. ग्रंथालयात शोध घेण्याचं कौशल्य 60 असेल तर शंभरच्या फाशावर 60 किंवा कमी पडलं की काम झालं. एवढं कळलं की नवखा खेळायला मोकळा. शिवाय अनेक कथानकं एका बैठकीत संपतात.

अनोळखी गटात शिरायचं असेल तर डी अँड डीच घ्या. घरचे चार मित्र तयार असतील, पण दर आठवड्याला जमतील याची खात्री नसेल, तर माझं मत कथुलूला. पाथफाइंडर आकडेमोडीत रमणाऱ्यांनी थेट घ्यावा, बाकीच्यांनी नंतर. आणि गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, तुम्हीच होणार असाल, तर आधी दुसऱ्याच्या टेबलावर एक डाव खेळून या.