ब्रेड मशीन की ओव्हन?

छोट्या ब्रेड मशीनमध्ये पाणी, मीठ, पीठ आणि सगळ्यात वर कोरडं यीस्ट घातलं की मळणं, फुगवणं, भाजणं तीन-साडेतीन तासांत आपोआप होतं. रात्री टायमर लावला तर सकाळी गरम ब्रेड तयार. मात्र तेव्हा दूध-अंडी घालू नका. मळणी सुरू असताना झाकण उघडून गोळा जरूर बघा: भांड्याला चिकटत असेल तर चमचाभर पीठ, कोरडा वाटला तर चमचाभर पाणी.

ओव्हनमध्ये मेहनत जास्त. पण २२० अंशांवर सुरुवातीला वाफ दिली की येणारं कुरकुरीत कवच मशीनला जमत नाही. शिवाय मशीनच्या पात्यामुळे ब्रेडच्या तळाला भोक पडतं. रोजच्या सँडविचसाठी मी मशीनच निवडेन. जाड कवचाच्या ब्रेडसाठी मळायचं काम मशीनला, भाजायचं ओव्हनला.