लोखंडी पुलाखाली रोलर बेअरिंग की रबरी?

पुतण्याकडे साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा, ओढ्यावरचा ३० मीटरचा लोखंडी पूल आहे. गर्डर, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळया, खांबांवर टेकवायला रोलर घ्यावेत की रबरी बेअरिंग, यात तो अडकलाय.

आधी हिशेब. सोलापुरात जानेवारीच्या पहाटे गर्डर १० अंशांवर असेल, तर मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापून ६० वर धरा. पोलाद अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे एकूण १८ मिलिमीटर. ही वाढ पूर्ण अडवली तर पोलादात १२० मेगापास्कल ताण येतो. साधं पोलाद साधारण २५० ला कायमचं ताणलं जाऊ लागतं. गाड्यांचा भार अजून वेगळाच!

हालचाल: रोलर स्वच्छ असेल तर मोठं अंतरही सहज सरकतो. रबर सरकत नाही, तिरकं होतं, तेही साधारण जाडीच्या ०.७ पटीपर्यंत. ३५ अंशांना बसवलं तर दोन्हीकडे ९ मिलिमीटर, म्हणून १३ मिलिमीटर रबर पुरेल. भर मे महिन्यात बसवलं की सगळी हालचाल एकाच बाजूला, मग २६ लागेल. ठेकेदार हे विचारत नाहीत, आपणच सांगायचं.

देखभाल: इथली धूळ, त्यात उसाचं पाचट. ग्रीस चुकलं की रोलर गंजून जाम होतो आणि गर्डर खांबाचं डोकं ढकलू लागतो. रबराला ग्रीस नको. भेगा नि फुगवटा तेवढा बघायचा. बदलताना जॅक मात्र दोन्हीला लागतोच.

खर्च: छोट्या गाळ्याला (दोन खांबांमधल्या अंतराला) रबरच स्वस्त.

पुतण्याने रबर घ्यावं. लांब गाळा आणि नेमाने तपासणारी माणसं असतील, तिथे रोलर.