हॅडन की चॅट्सवर्थ? हाताशी एकच दिवस असेल तर

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या बेकवेल या छोट्या गावी पोचलात की हा प्रश्न पडतोच. गावाच्या दक्षिणेला जेमतेम तीन किलोमीटरवर हॅडन हॉल, आणि दुसऱ्या दिशेला पाच-सहा किलोमीटरवर चॅट्सवर्थ हाउस. दोन्ही उमरावांची घरं, दोन्ही कित्येक शतकं बदलत आलेली. एका दिवसात दोन्ही उरकता येतात, पण ते उरकणंच होतं.

हॅडन वाय नदीकाठच्या टेकाडावर आहे आणि आपल्या भाषेत सांगायचं तर तो दोनचौकी वाडा आहे. खालचा चौक, वरचा चौक आणि दोन्हींच्या मधोमध १३७०च्या सुमाराचं मोठं जेवणाचं दालन. ही मांडणी कोणा एकाने आखलेली नाही. नॉर्मन काळातल्या (अकरावं-बारावं शतक) भिंतींना इथल्या मालक व्हर्नन घराण्याने दर पिढीत काहीतरी जोडलं आणि जुनं पाडण्याची फारशी तसदी घेतली नाही. त्यामुळे छोट्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला जाड खांब उभा आहे, आणि आजूबाजूच्या भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं. ही चित्रं चुन्याखाली गाडली गेली होती, विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने मूळ घरापासून सुटं बांधलेलं, नंतर बोळाने जोडलेलं. त्या बोळात उभं राहून दोन्हीकडच्या भिंती बघा. जोडकाम कुठे झालं ते कोणी सांगावं लागत नाही.

सगळ्यात वेळ द्यायचा तो लाँग गॅलरीला. व्हर्ननांची लेक डोरोथी जॉन मॅनर्सची बायको झाली आणि घर मॅनर्स घराण्यात गेलं. त्याच जॉनने १६००च्या आसपास ही ११० फूट लांब खोली बांधून घेतली. ओकच्या फळ्यांनी मढवलेल्या भिंतींवर व्हर्ननांचं रानडुक्कर आणि मॅनर्सांचा मोर शेजारी-शेजारी कोरलेत. खिडक्यांच्या शिशाच्या जाळीतल्या छोट्या काचा सपाट नाहीत, किंचित फुगीर, वेगवेगळ्या कोनांत वळलेल्या आहेत. बाहेरून त्या लाटेसारख्या दिसतात, आत उजेड विखरून येतो. डोरोथी भर समारंभातून पळून गेली ही गोष्ट गाइड रंगवून सांगतील. ऐका, पण फार मनावर घेऊ नका.

१७०३मध्ये मॅनर्स घराणं रटलंडच्या ड्यूकपदाला चढलं, बीव्हर किल्ला (Belvoir) हे मुख्य घर झालं आणि हॅडन सुमारे दोनशे वर्षं बंद पडल्यासारखं राहिलं. त्याच काळात इंग्लंडभर जुन्या घरांची तोंडं बदलली जात होती. इथे बदलायला कोणी राहतच नव्हतं, म्हणून ते वाचलं. अर्थात सगळं अस्सल मध्ययुगीन समजू नका. रटलंडच्या नवव्या ड्यूकने विसाव्या शतकात मोठी डागडुजी केली, जेवणाच्या दालनाचं छप्पर १९२०च्या दशकातलं आहे.

चॅट्सवर्थची गोष्ट नेमकी उलट. बेस ऑफ हार्डविक ही त्या काळची धनाढ्य बाई आणि तिचा नवरा विल्यम कॅव्हेंडिश यांनी १५५२मध्ये इथे घर उभं करायला घेतलं. पुढे याच घरात स्कॉटलंडची राणी मेरी नजरकैदेत असायची. त्या घरातलं आज डोळ्यांना काही दिसत नाही. मागच्या डोंगरावरचा शिकारी मनोरा मात्र त्या काळचा. १६८७मध्ये याच कॅव्हेंडिश घराण्यातल्या डेव्हनशरच्या पहिल्या ड्यूकने वास्तुविशारद विल्यम टॅलमनकडून दक्षिणेची बाजू पाडून नवी करून घेतली. तेवढ्यावर थांबायचं होतं, पण बांधकामाचं वेड लागलं आणि १७०७पर्यंत चारही बाजू बदलून झाल्या. त्याच वर्षी तो वारला. पुढे चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराकडून भोवतालची जमीनच नव्याने घडवून घेतली, आणि सहाव्याने १८२०नंतर वास्तुविशारद वायटव्हिलकडून उत्तरेला लांबलचक भाग जोडला.

मग जुनं कुठे शोधायचं? चौकाभोवतीच्या आराखड्यात आणि मजल्यांत. बॅरोक म्हणजे त्या काळच्या भपकेबाज शैलीच्या घरातली राजासाठीची दालनं सहसा पहिल्या मजल्यावर असायची. इथे ती सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत, कारण बेसच्या घरातही ती तिथेच होती. कातडी नवी, हाडं जुनी! इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम आणि त्याची राणी मेरी येतील म्हणून सजवलेल्या या खोल्यांत ती दोघं कधी आलीच नाहीत, हा भाग वेगळा. हे ठाऊक नसेल तर चॅट्सवर्थ म्हणजे सोनेरी खिडक्यांचा, रंगवलेल्या छतांचा झगमगाट एवढंच उरतं.

आपल्याकडच्या माणसाला बागेत एक धागा सापडतो. सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३०च्या दशकात इथल्या काचघरात केळ वाढवली, तिला घराण्याचं कॅव्हेंडिश हे नाव मिळालं. जळगावात आज लावतात ती ग्रँड नैन केळी याच गटातली.

तर निवड. इमारत हेच वेड असेल तर हॅडन, बिनदिक्कत. चार तास एका घरात भिंती चाचपत फिरायची तयारी हवी. सोबत लहान मुलं किंवा गुडघेदुखीचे आई-बाबा असतील तर चॅट्सवर्थ. तिथे लिफ्ट आहे, बाग अफाट आहे, कारंजी आहेत. हॅडनच्या झिजलेल्या, वेड्यावाकड्या पायऱ्या म्हाताऱ्या पायांना त्रास देतात. दोन्ही बघायचीच असतील तर आधी हॅडन बघा. तिथे डोळ्यांना सांधे ओळखायची सवय लागते, आणि मग चॅट्सवर्थच्या वरच्या मजल्यावर चढताना दम लागला की तो बेसमुळे लागतोय हे कळतं. दोन्ही घरं हिवाळ्यात काही काळ बंद असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तारखा बघून घ्या.