नोक्ता सिम्प्लेक्स प्लस: पहिला मेटल डिटेक्टर म्हणून कसा आहे?

पहिला मेटल डिटेक्टर घेणारे बहुतेक जण आधी एकच गोष्ट विचारतात, किती खोल जातो? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत आजची बहुतेक चांगली मशीन पकडतात. मातीचा प्रकार, वस्तू आडवी आहे की उभी, यावर तो आकडा कमीजास्त होतो. सुरुवातीला हाती लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्याहून वरच असतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. खाली काय आहे हे मशीन किती स्पष्ट सांगतं, आणि ते ऐकत तुम्ही किती वेळ चालू शकता?

चालण्यावरूनच सुरुवात करते, कारण माझा उजवा खांदा दुखरा आहे आणि मशीन निवडताना मी सर्वांत आधी वजन पाहिलं. सिम्प्लेक्स प्लस कॉइलसकट, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीसकट, १.३ किलो भरतो. आकडा वाचून तो हलका वाटतो, पण २८ सेंटीमीटरची कॉइल दांड्याच्या पुढच्या टोकाला असते आणि तिचा भार मनगटावर येतो. म्हणून दांड्याची लांबी नीट लावणं फार गरजेचं आहे. ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, आणि कॉइल जमिनीपासून बोटभर उंचीवर सपाट फिरली पाहिजे. वाकावं लागत असेल तर दांडा लांब करा, कोपर वर उचलावं लागत असेल तर आखूड करा. हा दांडा ६३ पासून १३२ सेंटीमीटरपर्यंत कमीजास्त होतो, त्यामुळे माझी शाळकरी मुलगीही तेच मशीन वापरते. एवढं जमल्यापासून खांद्याची तक्रार नाही.

आता ऐकण्याबद्दल. या जातीच्या मशीनच्या चकतीतलं तारेचं एक वेटोळं सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्यामुळे खालच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांचं क्षीण उत्तर दुसरं वेटोळं पकडतं. ते उत्तर मूळ लहरीच्या किती मागे पडलं, यावरून लोखंड कोणतं, तांबं-चांदी कोणती याचा अंदाज बांधला जातो. सिम्प्लेक्स प्लस हे काम १२ किलोहर्ट्झवर करतो आणि अंदाज शून्य ते ९९ या आकड्यांत पडद्यावर दाखवतो. नवखा माणूस त्या आकड्याला चिकटतो. मी सांगेन, आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का ते बघा. कॉइल एका दिशेने फिरवा, मग काटकोनात वळून पुन्हा त्याच जागेवरून फिरवा. दोन्हीकडून आवाज गोल आणि आकडा जवळपास तोच, तर खणा. एका बाजूने छान वाजतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो, तर बहुधा गंजलेला खिळा. बाटलीची चपटी झाकणं आणि लोखंडी पत्रे मात्र फसवतात, अगदी उंच आकडा दाखवतात. ते ओळखायला कान तयार व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

इथेच मला हे मशीन मनापासून आवडतं. लोखंडाचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. बरेच जण लोखंड पूर्ण गप्प करून टाकतात. मी तो अगदी हळू ठेवते, कारण खिळ्यांच्या गर्दीत नाणं असेल तर त्या दोन आवाजांची सरमिसळ ऐकूनच कळतं. तसंच ठरावीक आकडे वगळायची सोय आहे, तीही जपून वापरावी. सोन्याची बारीक अंगठी बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या आणि कॅनच्या कड्यांच्या आकड्यांतच येते. कचरा नको म्हणून ते आकडे वगळले, की अंगठीही वगळली जाते. यावर कोणत्याही मशीनकडे पक्का उपाय नाही. कड्या खणाव्याच लागतात.

मशीन आलं की लोक घरातच तपासायला घेतात आणि ते वेड्यासारखं वाजतं म्हणून घाबरतात. जमिनीतल्या सळ्या, पलंग, तारा, सगळंच वाजत असतं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच एक यंत्र आणलं होतं, आणि गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी त्यांचा शोध बिघडवला. तेव्हा मोकळ्या मैदानात जा, फोन खिशातून काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवा, आणि पायात पोलादी टोकाचे बूट नकोत.

मैदानात पहिलं काम ग्राउंड बॅलन्सचं. मातीत लोहखनिज असतं, त्याचाही सिग्नल येतो, तो गप्प करण्यासाठी हे करायचं. बटण दाबून धरायचं आणि जिथे काही वाजत नाही अशा जागी कॉइल वर-खाली करायची, आवाज मंदावला की झालं. सिम्प्लेक्स प्लसमध्ये ही सोय आहे. गॅरेट कंपनीचा एस ३०० (ACE 300) हाताळायला सोपा आणि समजायला सरळ आहे, पण त्यात हे कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं. साध्या बागेतल्या मातीत त्याने काही अडत नाही. लाल, खनिजयुक्त जमिनीत अडतं.

समुद्राची ओली वाळू हा मात्र वेगळा विषय. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं कुठलंही मशीन तिथे कुरकुरतं. सिम्प्लेक्स प्लसमध्ये बीच मोड आहे आणि कोरड्या वाळूत तो उत्तम चालतो. पण तुमचा निम्म्याहून जास्त वेळ भरतीच्या रेषेखाली जाणार असेल, तर मी माइनलॅब कंपनीचा व्हँक्विश ४४० घ्या असं सांगेन. तो एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतो. त्यात पिनपॉइंटची, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवायची, सोय आहे, जी धाकट्या ३४० मध्ये नाही. व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात बुडवता येते, वरचा डबा नाही. सिम्प्लेक्स प्लस मात्र अख्खा ३ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. नदीत, तळ्याकाठी, भर पावसात मला याचं फार मोठं सुख वाटतं.

बॅटरी आत बसवलेली, चार्ज करायची. माझ्या भटकंतीला ती पुरते. दिवसेंदिवस वीज नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्याने मात्र साधे सेल चालणारं मशीन बघावं, व्हँक्विश ४४० आणि एस ३०० दोन्ही चार सेलवर चालतात.

सगळे पैसे मशीनवर घालवू नका. हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर आणि चांगली धारदार खुरपी यांच्यासाठी बाजूला ठेवा. पिनपॉइंटर नसेल तर खणलेल्या ढेकळांत नाणं शोधण्यातच अर्धा दिवस जातो. गवताचा चकता तीन बाजूंनी कापून उलटा, वस्तू काढा आणि पुन्हा दाबून बसवा. जमीन ज्याची त्याला आधी विचारा, आणि संरक्षित पुरातत्त्वीय जागेवर मशीन सुरूच करू नका. कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते मशीन घेण्याआधी वाचावेत. जुन्या युद्धभूमीवर तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

२०२३ मध्ये सिम्प्लेक्सची पुढची पिढी आली, लाइट, बीटी आणि अल्ट्रा. नवं घेणाऱ्याने तीच बघावी. पण कुणी सिम्प्लेक्स प्लस वापरून विकत असेल आणि तो नीट असेल, तर मी बेलाशक घ्या म्हणेन. घेताना कॉइलची केबल दांड्याजवळ वाकून चिरली आहे का ते बोटाने चाचपा, पूर्ण चार्ज करून तासभर चालवून बघा, आणि चार्जिंगच्या खाचेत गंज असेल तर सोडून द्या.