हळदीच्या कॅप्सूल आणि रक्त पातळ करायची गोळी: सात महिन्यांनंतर

जुलैमध्ये मी या कॅप्सूलना चार तारे दिले होते. ते आज मागे घेते. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या कितीतरी जणी गुडघ्यांसाठी हेच घेत असतील, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

माझ्या हृदयाची मायट्रल झडप धातूची आहे. रोज संध्याकाळी अ‍ॅसेनोकुमॅरॉल ही रक्त पातळ करायची गोळी, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो जितका जास्त तितकं रक्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. दोन वर्षं तो ३ च्या आसपास होता. जूनमध्ये मुलाने तीन बाटल्यांचा पॅक मागवला, १,४९९ रुपयांचा. तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागेना. तो आराम खरा होता, आजही नाकारत नाही.

बरं वाटतंय म्हणून मी ऑगस्ट-सप्टेंबरची रक्ततपासणी टाळली. ३५० रुपये आणि वर रिक्षा, तेवढे वाचले. ही चूक माझीच. ऑक्टोबरमध्ये सून म्हणाली, “आई, दंडावर हे काळंनिळं कशानं झालं?” दोन दिवसांनी नाकातून रक्त सुरू झालं आणि वीस मिनिटं थांबेना. आयएनआर ६.८. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली, कॅप्सूल कायमच्या बंद केल्या. एकट्या कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण नवीन काही सुरू केलं होतं ते एवढंच, असं ते म्हणाले.

मी कंपनीला फोन लावला. उत्तर मिळालं, “मॅडम, हळदच तर आहे, नैसर्गिक आहे.” या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, साधारण ३ टक्के असतं. माझ्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के. म्हणजे एक कॅप्सूल ही जवळपास १५ ग्रॅम हळद, आणि मी रोज दोन घेत होते. एवढी हळद आमटीत कोण घालतं? शिवाय त्यात मिरीचा अर्क. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पिपेरीनसोबत कर्क्युमिन माणसाच्या रक्तात २,००० टक्के जास्त उतरतं. बाटलीवर हे अभिमानाने छापतात. पण यकृतात औषधं मोडण्याचं काम पिपेरीन मंदावतं, म्हणजे आपल्या दुसऱ्या गोळ्याही अंगात जास्त राहू शकतात, हे कुठेच नाही. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामकाने वॉरफरिन (माझ्या गोळीसारखीच रक्त पातळ करायची गोळी) घेणाऱ्यांना हळदीच्या अशा उत्पादनांबद्दल सावध केलं होतं. तिथल्या एका रुग्णाचा आयएनआर काही आठवड्यांत १० च्या वर गेला होता. आमच्या बाटलीवर, भिंग घेऊन बघितलं तरी, “वैद्यकीय सल्ल्याने घ्या” एवढंच.

इथपर्यंत सगळा दोष मी कॅप्सूललाच देत होते. नोव्हेंबरमध्ये आकडा २.९ वर आला. डिसेंबरमध्ये पुन्हा ४.६! खाणंपिणं तेच, कॅप्सूल बंद. डॉक्टरांनी विचारलं, “अंगाला काही लावता का?” लावत होते. कॅप्सूल सुटल्यावर गुडघे परत धरले, म्हणून दिवसातून दोनदा गुडघ्यांना आणि कमरेला तेल चोळून वर गरम पाण्याची पिशवी. तेलात गंधपुरा होतं. गंधपुरा म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं. ते कातडीतून रक्तात जातं आणि शेकल्यावर आणखी जातं. चोळायचं तेल हे औषध आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांना मी ते आपणहून सांगितलंच नाही.

शेजारच्या काकू रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल घेतात आणि सांध्यांसाठी गुग्गुळ. तिथे उलटं होतं. गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम (हेही रक्तदाबाचं औषध) रक्तात कमी उतरतात, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झालंय. त्यांना मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले.

माझ्याकडे ३४ कॅप्सूल उरल्या होत्या. धाकटी बहीण मागत होती, पण तिला अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी चालू आहे, म्हणून पैसे गेले तरी टाकून दिल्या. औषध बाधलं तर कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे, मी कळवलंय.

सध्या नुसती गरम पाण्याची पिशवी आणि मांडीचे व्यायाम. कठडा पुन्हा धरावा लागतो. कॅप्सूलला दोन तारे, ते त्या आरामासाठी. पुढची तपासणी १२ तारखेला आहे, ती टाळणार नाही.