पणजी, फोंडा की पर्वरी: शुल्कवाढ कुठे कशी लागते

सावंतवाडी-कुडाळकडून किंवा पेडणे-डिचोलीहून पणजीच्या आसपास बस्तान हलवू पाहणारे लोक ठरलेले प्रश्न विचारतात. घरपट्टी किती? कचऱ्याचे किती घेतात? दुकानाच्या परवान्याला किती लागतात? आकडे मिळतात, चिठ्ठीवर उतरतात आणि त्यांच्या बेरजेवरून जागा ठरते. यातला प्रत्येक आकडा पुढच्या एप्रिलमध्ये शिळा होऊ शकतो, जागा मात्र दहा-पंधरा वर्षांसाठी घेतलेली असते. म्हणून आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, किती वर्षांनी बदलतात, आणि बदलण्याआधी आपल्या कानावर येतं का. पणजी, फोंडा आणि पर्वरी यांच्यात खरा फरक इथे आहे.

पणजीत महानगरपालिका आहे, २००२ च्या स्वतंत्र कायद्याने झालेली आणि गोव्यातली एकमेव. फोंड्याला नगरपालिका. तिला, आणि तिच्यासारख्या म्हापसा, मडगाव, डिचोली वगैरे मिळून तेरा पालिकांना, १९६८ चा पालिका कायदा लागू होतो. पर्वरी दिसायला शहर, विधानसभाही तिथेच, पण कारभार सुकूर, पेन्ह दी फ्रान्स अशा पंचायतींचा. फोंड्याची हद्द ओलांडून कुर्टीत पाऊल टाकलं की तीच गोष्ट. रस्त्याच्या एका बाजूला पालिका, दुसऱ्या बाजूला पंचायत. दलाल दोन्हींना ‘फोंडा’च म्हणतो.

वीज-पाणी तुलनेतून काढून टाका

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. मुंबईत पाणी महानगरपालिका देते आणि पाणीपट्टी दरवर्षी जास्तीत जास्त आठ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा प्रशासनाला २०१२ मध्येच मिळालेली आहे. गोव्यात नळाचं पाणी राज्य सरकार देतं. ते ओपाच्या जलप्रकल्पातलं असो, अस्नोड्याच्या असो वा साळावलीच्या, दर सरकार ठरवतं आणि ते राज्यभर सारखेच. कोणत्या भागात नळाला किती तास पाणी येतं, हा प्रश्न वेगळा. पर्वरीत जागा घेणाऱ्याने तो शेजाऱ्यांना जरूर विचारावा, कारण टँकर मागवायची वेळ आली तर त्याचे पैसे पाण्याच्या बिलात दिसत नाहीत.

विजेचंही तसंच. वीज खातं सरकारी आहे, पण दर खात्याच्या मनावर नाहीत. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी मिळून एक संयुक्त वीज नियामक आयोग आहे आणि त्याचं कार्यालय गुरुग्रामला. खातं आयोगाकडे खर्चाचा हिशेब आणि दरांचा प्रस्ताव घेऊन जातं, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते, मग आदेश निघतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दर एका आर्थिक वर्षात सहसा एकदाच बदलता येतात. इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चाचा अधिभार मात्र या बंधनातून सुटलेला आहे, आणि गोवा जवळजवळ सगळी वीज बाहेरून विकत घेतो. म्हणून आदेश न बदलताही बिल हलतं. नवे दर एक एप्रिललाच लागतात असंही नाही. २०२४-२५ चे दर १६ जूनपासून लागले होते.

तिन्ही ठिकाणी हे सारखंच, तेव्हा निवड करताना याचा उपयोग शून्य. दलाल ‘इथे लाईट बिल कमी येतं’ म्हणाला तर हसून पुढे चला.

वाढीपेक्षा वर्ग महाग पडतो

विजेचा घरगुती वर्ग वेगळा, व्यावसायिक वेगळा. पाण्याचंही तसंच, घरपट्टीचंही तसंच. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम, क्लास किंवा छोटं ऑफिस सुरू झालं, वरचा मजला पर्यटकांना दिला, की तिन्ही बिलांचा वर्ग बदलू शकतो. त्या एका फटक्यात जेवढी रक्कम वाढते तेवढी वार्षिक वाढीने वाढायला कित्येक वर्षं लागतील. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतील तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या टप्प्यात जातात. गोव्यातल्या जुन्या घरांत हे फार दिसतं: आजोबांच्या नावावर एक मीटर आणि तीन चुली.

घर घेताना दर किती वाढतील याची चिंता करणारे लोक मीटर कोणत्या वर्गात आहे हे बघतच नाहीत. मला याचं नवल वाटतं. बिलावर ते छापलेलं असतं. विकणाऱ्याकडून शेवटचं बिल मागून घ्या आणि रकमेआधी वर्ग वाचा.

घरपट्टी: पालिका एका कलाने, पंचायत दुसऱ्या

आता खऱ्या तुलनेकडे. पालिकेला घरपट्टीचा दर बदलायचा तर मंडळाचा ठराव लागतो आणि वर सरकारची मान्यता. पंचायतीला सरकारने आखून दिलेल्या मर्यादेत राहावं लागतं. कागदावर दोन्ही सारखेच बांधलेले वाटतात. पण पालिकांच्या पाठीमागे एक तगादा लागला जो पंचायतींच्या मागे नव्हता. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात शहरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली: राज्याने घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करायचे आणि पुढे वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवत न्यायची. वसुली वाढली नाही तर अनुदान अडकायचं. म्हणजे नगरसेवकांना वाढ नको असली तरी दिल्लीचा पैसा हवा असायचा. ग्रामपंचायतींच्या अनुदानाला घरपट्टीची ही अट नव्हती.

म्हणून शहरात घरपट्टी वाढत जाईल हे धरून चला. पंचायतीत ती वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते. शिवाय दर न वाढवताही घरपट्टी वाढते: घराचं क्षेत्र पुन्हा मोजलं जातं, बाल्कनी बंद केलेली सापडते, ‘स्वतः राहतो’ ऐवजी ‘भाड्याने दिलं’ अशी नोंद होते. ही वाढ शहरात लवकर होते, कारण तिथे कर्मचारी आहेत. एका सचिवाच्या भरवशावर चालणाऱ्या पंचायतीत फेरमोजणीला सवड कोणाला आहे?

आणखी एक हिशेब इथली जाणती मंडळी मनात ठेवतात, तो निवडणुकीचा. मतदानाच्या आधीच्या वर्षात सहसा कोणी दर वाढवत नाही. जे काही करायचं ते निवडून आल्यावर पहिल्या दोन वर्षांत उरकतात. पणजीत मार्च २०२१ मध्ये मतदान झालं, बहुतेक पंचायतींत ऑगस्ट २०२२ मध्ये, फोंडा आणि साखळी पालिकांत मे २०२३ मध्ये. मुदत पाच वर्षांची. जागा घेता ते वर्ष या चक्रात कुठे पडतं ते बघा. शांत वर्षातला आकडा फसवा असतो.

आतापर्यंतचं एका नजरेत

| | पणजी | फोंडा | पर्वरीतली पंचायत |
|---|---|---|---|
| घरपट्टी कोण ठरवतं | महानगरपालिका | पालिका, सरकारच्या मान्यतेने | पंचायत, सरकारी मर्यादेत |
| वाढीचा रोख | वर | वर | बराच काळ स्थिर |
| आधी कळतं कुठे | वर्तमानपत्र, सूचना फलक | वर्तमानपत्र, सूचना फलक | ग्रामसभा |
| वीज, पाणी | राज्यभर एकच | राज्यभर एकच | राज्यभर एकच |

कचरा, परवाना, सोपो

कचऱ्यात पणजी उजवी, हे सरळ सांगतो. घरोघरी उचल, वर्गीकरणाची सक्ती, सोसायट्यांना वेगवेगळे डबे, आणि त्याचं शुल्क. ते वाढलं तरी कशाचं वाढलं हे कळतं. पंचायतीत शुल्क कमी, पण सेवा पंचायतीगणिक बदलते. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे आणि बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीचा कचरा तिथे जातो, तरीही दारातून तो कोण आणि किती दिवसांनी उचलतो याचं उत्तर स्थानिकच. मलनिस्सारणाचंही असंच. पणजीत जुनी भूमिगत वाहिनी आहे आणि टोंकला प्रक्रिया प्रकल्प. पर्वरीत बऱ्याच इमारती अजून सेप्टिक टाकीवर, आणि टाकी उपसणारा टँकर आपला दर कोणत्याही सभेत मंजूर करून घेत नाही.

व्यवसाय परवान्याचं थोडक्यात: धंद्याचा प्रकार आणि जागेचं क्षेत्र यावर शुल्क, नूतनीकरण वेळेवर करा, उशिराचा दंड वाढीपेक्षा जास्त बोचतो.

बाजारात बसणाऱ्यांसाठी सोपो, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी, हाच खरा कर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन टोपल्या घेऊन बसणारी बाई घरपट्टीची वाढ कधी बघणार नाही, तिचा संबंध रोजच्या पावतीशी. जिथे सोपो वसुली ठेकेदाराकडे असते तिथे दर पालिकेचा असला तरी लिलावात चढी बोली लावलेला ठेकेदार ती रक्कम कुठून काढणार, हे सांगायला नको. पालिकेचा माणूस स्वतः वसूल करत असेल तर तुम्हाला बरं. चतुर्थीच्या माटोळी बाजारात (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सोपो माफ करावा ही मागणी दरवर्षी उठते आणि काही पालिकांनी तो माफ केलाही आहे, पण त्या भरवशावर वर्षाचा हिशेब मांडू नये. बसण्याआधी दरफलक कुठे लावला आहे ते विचारा, आणि पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

दरवर्षी थोडं, की आठ वर्षांनी एकदम?

समजा एखादं शुल्क वर्षाला हजार रुपये आहे. एका ठिकाणी ते दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं. दहा वर्षांत तुम्ही साधारण १२,५७८ रुपये भरता आणि अकराव्या वर्षी दर १,६२९ वर पोचलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी आठ वर्षं काहीच होत नाही, मग एकदम साठ टक्के वाढ. दहा वर्षांत भरता ११,२००. म्हणजे गोठवलेला दर खिशाला स्वस्त पडला. दरवर्षीची छोटी वाढ सगळ्यांच्याच भल्याची, असं सांगणारे हा हिशेब करून दाखवत नाहीत.

पण गोठवलेल्या दराची दुसरी बाजूही आहे. आठ वर्षं शुल्क वाढलं नाही म्हणजे आठ वर्षं कचऱ्याची गाडी, गटार आणि दिवे जुन्याच पैशांत चालले. गाडी बंद पडली की फरक तुम्हीच खासगी माणसाला देऊन भरता.

निवृत्तीचे पैसे लावून घर घेणाऱ्याला मी पंचायत सांगेन. घरपट्टी हलकी राहते, ग्रामसभा बहुधा रविवारी असते, जाऊन उभं राहता येतं, सरपंचाला नावाने हाक मारता येते. दुकान किंवा खाणावळ काढणाऱ्याला पालिका. त्याला वाढीपेक्षा अंदाज चुकण्याची भीती जास्त, आणि ग्राहकाच्या दारातला कचरा न उचलला गेल्याचं नुकसान वर्षाच्या शुल्कापेक्षा मोठं. पणजी की फोंडा, हे जागेच्या भाड्यावर सोडा; शुल्कांचा फरक त्या भाड्यापुढे किरकोळ आहे. घरातूनच छोटा धंदा करणाऱ्याची गोष्ट अवघड. त्याने आधी वर्ग बदलण्याचा हिशेब मांडावा, गाव की शहर हे नंतर.

सौदा पक्का करण्याआधी विकणाऱ्याकडून घरपट्टीच्या मागच्या दहा वर्षांच्या पावत्या मागा. त्या ओळीने लावल्या की तिथला दर कसा हलतो ते पाच मिनिटांत दिसतं, आणि थकबाकी असेल तर तीही. पंचायतीतल्या घराची पावती मालकीचा किंवा कायदेशीर बांधकामाचा पुरावा नसते, तेव्हा तिच्यावर विसंबून बाकीचे कागद तपासायचे सोडू नका. भाड्याने घेत असाल तर करारात दोन ओळी घालून घ्या: घरपट्टी आणि कचरा शुल्क कोण भरणार, आणि वाढ झाली तर वाढीव रक्कम कोणाची. दुसरी ओळ बहुतेक छापील करारांत नसते. ती हाताने लिहून दोघांनीही खाली सही करा.