दरीची वाट की डोंगरधारेची?

प्राणी पाहायचे असतील तर दरीची वाट घ्या, तीही उजाडताच. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ओढ्याकाठाने वर चढत गेलात तर तुमचा वास मागे जातो. ऊन तापलं की वारा उलटतो आणि पुढचं हरीण तुम्हाला दिसायच्या आधीच पसार होतं. काठच्या ओल्या चिखलात ठसे बघत चला. कडा धारदार, माती अजून सुकलेली नाही, म्हणजे ठसा ताजा. अशा वेळी थांबा, बोलू नका.

धारेवरून नजारा सुंदर, प्राणी मात्र लांबूनच. पाणी सहसा नसतं, माणशी ३ लिटर न्या. दर १,००० मीटर चढाईला तापमान साधारण ६.५ अंशांनी घसरतं. घामाने भिजलेला सुती सदरा तिथे अंग गारठवतो. दुपारी ढग जमायच्या आत उतरा, उघड्या धारेवर विजेचा धोका सर्वाधिक.